पाखऱ्या नाही म्हणाला

“मान डोलव, राजा, मान डोलव. पेरलं ते उगवंल का, बोल. गेलं ते माघारी यील का, बोल. ह्या दारची माय सुखात ऱ्हाईल का, बोल.”

आबांचा हा आवाज मी झोळीत होते तेव्हापासून ऐकत आले. कितीतरी गावांच्या सकाळी माझ्यासाठी त्याच आवाजाने उजाडल्या. पण तो आवाज आमच्या तालुक्याच्या कॉलेजच्या फाटकाशी आला, त्या दिवशी मी मैदानात चढाईवर होते. तोंडात कबड्डी कबड्डी चालू होतं, आणि माझा दम तुटला. समोरच्या पोरींनी मला अलगद धरून मातीत बसवलं.

“काय झालं गं?” वैजूने विचारलं. वैजयंता धस, आमची कप्तान. “पाय घसरला?”

“नाही. बैल आला.”

सगळ्या हसल्या आणि फाटकाकडे पळाल्या.

पाखऱ्या उभा होता. पांढरा, मानेवर राखेच्या रंगाचे ठिपके, जणू पाखरांचा थवा उतरून तिथेच झोपी गेलेला. अंगावर आरशांची झूल, गळ्यात कवड्यांची माळ, शिंगांना पितळी टोपणं आणि त्यांना लोंबणारे लाल गोंडे. शेजारी आबा, डोक्याला पागोटं, गळ्यात गुबगुबीचा छोटा ढोल. आबांनी मला बघितलं होतं. बघून नजर खाली घातली आणि मला ओळखत नसल्यासारखे उभे राहिले. लेकीला कमीपणा नको म्हणून. मी नंदीवाल्याची मुलगी आहे हे मी लपवलं नव्हतं, पण कोणी विचारलंही नव्हतं.

“काका,” वैजू म्हणाली, “उद्या आमची मॅच आहे. जिंकतो का, विचारा की तुमच्या नंदीला.”

आबांनी गुबगुबीवर वाकडी काठी घासली. पोटातून यावा तसा घुमता आवाज निघाला आणि पाखऱ्याने वरखाली मान डोलावली. पोरी खूश झाल्या. तेवढ्यात पाखऱ्या दोन पावलं पुढे आला, पोरींच्या घोळक्यातून वाट काढत माझ्यापाशी पोचला आणि माझा मातीने भरलेला तळहात चाटू लागला.

“हा तुला कसा ओळखतो गं द्वारके?”

“आमचाच आहे,” मी म्हणाले. “हे माझे आबा.”

वैजू पुढे होऊन आबांच्या पाया पडली. म्हणाली, “आधी नाही का सांगायचं? नाहीतर आम्ही बाहेरच्या देवाला नवस करत बसलो असतो.”

दुसऱ्या दिवशी आम्ही जिंकलो. “नंदीचं खरं होतं,” वैजू सगळ्यांना सांगत सुटली. पुढे जे झालं ते सगळं त्या एका विजयातून झालं.

आमचे बोठे सर क्रीडाशिक्षक. लग्नाच्या पंगतीतसुद्धा त्यांच्या गळ्यात शिट्टी असायची. त्यांच्या डोक्यात आलं की संघाला शुभचिन्ह हवं, आणि ते जिवंत हवं. जिमखान्याच्या खोलीत बैठक बसली. आबांना बोलावणं गेलं, आणि आबांबरोबर मलाही. जिमखान्याच्या समितीवर प्राणिशास्त्राच्या निसळ मॅडम होत्या.

“शेजारच्या कॉलेजचं चिन्ह काय? वाघ,” सर म्हणाले. “कुठं? बनियनवर. आपला नंदी चार पायांवर चालत येणार. बघणाऱ्यानं नुसतं बघत राहावं.”

“बनियनवरच्या वाघाला ढोलाची भीती वाटत नाही, सर.”

“मॅडम, हा जत्रेतला बैल आहे. गर्दी त्याला नवी नाही.”

“जत्रेत तो चालत असतो. कंटाळला की पुढच्या दारी. इथे तुम्ही त्याला एका जागी उभं करणार. समोर फटाके, वर गुलाल, मागे शिट्ट्या. खेळायचं पोरींनी आणि सोसायचं त्यानं, हे कशासाठी?”

“तुम्ही वर्गात बेडूक कापता, तेव्हा त्याला विचारता का?”

“नाही विचारत,” मॅडम शांतपणे म्हणाल्या. “म्हणूनच रात्री जेवण जात नाही. तुम्हालाही तसं व्हायला नको.”

सर हसले, पण त्यांचं हसू लवकर संपलं. मग त्यांनी आबांकडे बघितलं. “शेटिबा, जनावर तुमचं. तुम्ही काय म्हणता?”

आबा खुर्चीच्या अगदी काठावर बसले होते, उठायला सांगतील म्हणून तयारीत असल्यासारखे. हातात कपबशी होती. ती हलून वाजू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती.

“सायेब, आमाला बोलावून कोन नेतं? आमी आपलं दारात जातो, लोक म्हनतात, पुढं व्हा. तुमी बोलावताय. आमी येऊ.” मग निसळ मॅडमकडे वळून म्हणाले, “बाईसायेब, त्याला जड झालं तर मी माघारी घिऊन जाईन. माझा शबूद.”

मॅडमनी मान हलवली, पण त्यांचं समाधान झालेलं दिसलं नाही. मला कोणी काही विचारलं नाही.

तो सगळा हिवाळा मग तसाच गेला. सामना कुठे बाहेरगावी असला तर पाखऱ्याला टेम्पोत चढवायचे. त्याच्या पायांखाली उसाचं पाचट, पाठीला दोर. मैदानाच्या कडेला खेळाकडे तोंड करून त्याला उभा करायचे. सर माईकवर विचारायचे, आज जिंकणार का, आणि पाखऱ्या हो म्हणायचा. लोक टाळ्या वाजवायचे. सरांना तेवढ्याने पुरेना. आमच्या प्रत्येक चढाईला त्याने मान डोलावली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं. त्यामुळे सामना चालू असेपर्यंत आबांना बैलासमोर उभं राहून गुबगुबी घासत राहावी लागे. त्यांचं तोंड बैलाकडे, पाठ मैदानाकडे.

पाखऱ्याला शिकवलेलं मला माहीत होतं. आमच्या घरची विद्या आहे, बाहेर सांगत नाहीत, पण आता तो धंदाच राहिला नाही. गुबगुबी मोकळी घासली की आवाज घुमतो, त्यावर बैल मान वरखाली करतो. अंगठ्याने तिची चामड्याची वादी दाबून धरली की तोच आवाज बारीक होतो, कातरल्यासारखा. त्यावर तो मान आडवी हलवतो. आबा हा दुसरा आवाज क्वचितच काढत. कोणाच्या दारात नाही म्हणायला त्यांना आवडायचं नाही.

एका सामन्याआधी माईक बिघडला. सर म्हणाले, “द्वारका, तू तरी ओरड. तुझ्या गळ्यात आहे ते.” मी आबांचं बोलणं म्हटलं. मान डोलव, राजा, मान डोलव. लोक गप्प होऊन ऐकत राहिले, आणि सरांना नवीन काहीतरी सापडलं.

पुढच्या सामन्याला नऊवारी आली. मग नथ आली. मग असं ठरलं की सामना सुरू झाल्यावर थोडा वेळ मी नंदीजवळ थांबायचं. मग तो थोडा वेळ पहिला हाफ संपेपर्यंत लांबला. वर्तमानपत्रात माझा फोटो आला, खाली छापलं होतं: नंदीकन्या. पोरी मला त्याच नावाने हाक मारू लागल्या. “नंदीकन्ये, पाणी दे गं. नंदीकन्ये, तुझ्या बैलाला विचार ना, उद्याचा पेपर सोपा आहे का?” त्यात वाईटपणा नव्हता, पण मला झोपेतसुद्धा ते नाव ऐकू येई. संघात मी चढाईला तिसरी होते. हिवाळा सरता सरता गाण्याला पहिली झाले.

पाखऱ्याचंही तसंच. त्याने रवंथ करणं सोडलं. संध्याकाळी वस्तीवर आल्यावर तो बसेना. एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत उभा राही, जमिनीला कोणी चटका लावल्यासारखा. डोळ्यांत गुलाल जाऊन कडा लाल झालेल्या. आई ओल्या फडक्याने त्याचे डोळे पुसायची आणि पुसता पुसता गुणगुणायची:

“बैल माझा दारी उभा, घास तोंडी घेईना,
कुणी लावली नजर, बाई, नीज त्याला येईना.”

एके दिवशी मी आबांना म्हणाले, “आबा, पुढच्या सामन्याला येऊ नका. पाखऱ्याला बरं नाही म्हणा.”

आबा झूल घडी करत होते. “बरं न्हाईच त्याला. दिसतंय मला.”

“मग?”

“सरांनी साऱ्या तालुक्यात सांगितलंय. म्या शबूद दिलाय.”

“शब्द तुम्ही निसळ मॅडमलापण दिला होता.”

आबांनी घडी मोडली आणि पुन्हा घातली. “तुझं काय बिघडतंय पर? मान मिळतोय. फोटू येतोय पेपरात.”

“मला फोटो नको. मला खेळायचंय.”

“खेळतीस की मागनं.”

“मागनं म्हणजे निकाल लागल्यावर, आबा. सगळं संपत आलं की सर मला पाठवतात. तेव्हा कोणी बघतसुद्धा नसतं.”

आबांनी घडी केलेली झूल बाजूला ठेवली. पाखऱ्या पाय बदलत राहिला. मला त्या दोघांचाही राग आला आणि दोघांची कीवही आली, आणि दोन्ही एकदम कुठे ठेवावं ते कळेना म्हणून मी उठून मैदानावर पळायला गेले.

अंतिम सामना आमच्याच मैदानावर होता. माझं कॉलेजचं शेवटचं वर्ष. त्यानंतर खेळ मिळेल असं काही नव्हतं. घरात स्थळांची बोलणी सुरू झाली होती. विद्यापीठाची निवड समिती येणार आहे, असं सगळे म्हणत होते. या एका सामन्यात मी खेळले तर खेळले. मनात दुसरं काही नव्हतं.

दुपारी मंडपामागे सर आले. हातात नवी कोरी नऊवारी, जांभळी, जरीकाठाची.

“आज पाहुणे आहेत, द्वारका. आज तू शेवटपर्यंत नंदीबरोबर थांब. तुझ्या जागी चढाईला ती शोभा जाईल.”

“सर, माझं शेवटचं वर्ष आहे.”

“म्हणून तर. चांगला फोटो राहील जन्मभर.”

“सर, मी दुसऱ्या हाफला तरी...”

“अगं, संघ सात पोरींचाच असतो का? तू आणि नंदी, तुम्ही आमचं तोंड आहात. तोंड बघून माणूस कळतो.” त्यांनी साडी माझ्या हातात दिली आणि शिट्टी वाजवत गेले.

तिथेच आबा वाकून पाखऱ्याच्या पायात घुंगरं बांधत होते. त्यांनी वर बघितलं नाही. मला वाटलं, ते काहीतरी बोलतील. ते घुंगरांची गाठ घट्ट करत राहिले.

साडीच्या आत मी खेळाचा निळा पोशाख घातला होता. कशासाठी घातला होता ते मलाही सांगता आलं नसतं.

आम्ही मैदानात गेलो. ढोल, हलगी, गुलाल. फाटकापाशी कोणीतरी फटाक्यांची माळ लावली आणि पाखऱ्या थरथरत मागे सरकला. त्याच्या पायाखाली माझा पदर आला. आबांनी त्याच्या कानाशी तोंड नेलं आणि आमच्या घरच्या बोलीत काहीतरी पुटपुटले, लहान पोराला जत्रेत हरवायची भीती वाटते तेव्हा बोलतात तसं. पाखऱ्या पुढे आला. मंडपात पाहुणे, पहिल्या रांगेत निसळ मॅडम. मॅडमनी बैलाकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि नजर वळवली.

सरांनी माईक घेतला. “सांगा नंदीमहाराज, आज आमच्या पोरी जिंकणार का?”

मी म्हटलं. आवाज नीट लागला नाही, पण म्हटलं. मान डोलव, राजा, मान डोलव.

मी पाखऱ्याच्या खांद्याला खेटून उभी होते. म्हणून मला दिसलं. आबांनी काठी उचलली, एकदा माझ्याकडे बघितलं, आणि अंगठ्याने वादी दाबली. गुबगुबीतून बारीक, कातरलेला आवाज निघाला.

पाखऱ्याने मान आडवी हलवली. इकडून तिकडे, तिकडून इकडे. शिंगांचे गोंडे हेलकावले.

आधी लोक हसले. सरही हसले. “महाराज लहरीत आहेत. पुन्हा विचारू.”

पुन्हा तोच बारीक आवाज. पुन्हा मान आडवी.

आता हसू थांबलं. हलगीवाल्याने हात थांबवला. गर्दीत एका म्हाताऱ्याने टोपी काढून पाखऱ्याला हात जोडले. “नंदी खोटं बोलत नाही,” कोणीतरी म्हणालं, आणि ते वाक्य हळूहळू सगळ्या मैदानाच्या कडेने फिरत गेलं. मी आबांच्या अंगठ्याकडे बघत होते. तो हलत नव्हता. तिसऱ्यांदा सरांनी विचारलं तेव्हा त्यांचा आवाज विनवणीचा झाला होता. पाखऱ्या तिसऱ्यांदाही नाही म्हणाला.

सरांनी माईकवर हात ठेवला. “शेटिबा, हे काय चाललंय?”

“सायेब, नंदी न्हाई म्हनतो. म्या काय करू?”

“घेऊन जा त्याला. आत्ताच्या आत्ता. नजरेसमोर नको.”

आबांनी मंडपाकडे बघून रामराम केला, कासरा हातात घेतला आणि निघाले. हिवाळाभर ज्या लोकांनी त्यांना वाट करून दिली, तेच लोक आता अंग चोरून बाजूला होत होते. फाटकाबाहेर ते दिसेनासे झाले. त्यांनी मागे वळून बघितलं नाही.

मी मैदानाच्या मधोमध नऊवारी नेसून उभी, आणि जवळ बैल नाही. माझं काय करायचं हे कोणालाच कळत नव्हतं, मलाही. बापाने भरल्या मैदानात लेकीच्या संघाला हार सांगितली. का? कशासाठी?

तिकडे शोभा खाली बसली होती. “मी नाही जात चढाईला. नंदीनं सांगितलंय. आमच्या घरी असलं कोणी ओलांडत नाही.”

“उठ गं,” वैजू ओरडत होती. “बैल आहे तो.”

“तूच म्हणालीस ना नंदीचं खरं होतं?”

वैजू गर्रकन वळली. तिने माझ्याकडे बघितलं. तिचे डोळे पेटलेले होते. “तुझा बैल. तुझा बाप. आता तूच जा. सर, हिला घ्या.”

सरांनी हात नुसता झटकला, काय करायचं ते करा, अशासारखा. मी मंडपाशी गेले आणि जांभळी साडी सोडू लागले. बायका बघत होत्या. निसळ मॅडमनी पुढे होऊन साडीचा बोळा माझ्या हातातून घेतला. “जा,” म्हणाल्या. “मी धरते. नथ काढ आधी.”

मी त्या दिवशी जशी खेळले तशी त्याआधी कधी खेळले नव्हते. रागाने खेळले. दर वेळी मध्यरेषा ओलांडताना आबांचा अंगठा डोळ्यांसमोर यायचा, आणि समोरच्या पोरी त्याच्याआड धूसर व्हायच्या. कोपऱ्यातली उंच पोर मला धरायला झेपावली की मी तिच्या हाताखालून वाकून निघायचे. बोनसच्या रेघेवर पाय टाकून मागे, पुन्हा पुढे. मातीचा वास नाकात, तोंडात कबड्डी कबड्डी, त्या शब्दालाही चव नव्हती. गुण येत होते. पण आमच्या बाकीच्या पोरींच्या हातांत जीव नव्हता. समोरची चढाईला आली की त्या तिला धरायच्या आधीच सोडायच्या. वैजू एकटी पकडी मारत होती आणि दर पकडीनंतर फाटकाकडे बघत होती.

शेवटची चढाई माझी होती. बरोबरीलाच पाच गुण हवे होते. मी बोनस घेतला, उजव्या कोपऱ्यातल्या पोरीच्या खांद्याला बोटं लावली आणि वळले. दोघींनी माझा पाय धरला. मी आडवी पडले, हात पुढे टाकला आणि मध्यरेषा गाठली. चार गुण आले. शिट्टी वाजली. आम्ही एका गुणाने हरलो.

कोणी टाळी वाजवली नाही. सगळीकडे एकच कुजबुज चालली होती: नंदीनं आधीच सांगितलं होतं.

वस्तीवर गेले तेव्हा दिवस कलत होता. आबा पाखऱ्याला घासत होते. झूल उतरवलेली, गोंडे काढलेले. पाखऱ्या बसला होता. कितीतरी दिवसांनी बसला होता, आणि त्याचा जबडा हलत होता.

“का केलंत?” मी विचारलं.

“बैलाला बरं न्हवतं.”

“आबा, मी अंगठा बघितला.”

ते घासत राहिले. “आंघोळ कर जा. डोक्यात माती हाय.”

“आम्ही हरलो.”

हात थांबला. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. “कळलं मला,” एवढंच म्हणाले. कुणाकडून कळलं ते मी विचारलं नाही. त्यानंतर मी दहा दिशांनी तोच प्रश्न विचारला, रडून विचारला, भांडून विचारला. आई म्हणाली, सोड आता. आबांनी तोंड उघडलं नाही.

पाखऱ्याची कीर्ती मात्र झाली. कुठून कुठून लोक यायचे. कोर्टातल्या दाव्याचं विचारा, पोरीच्या लग्नाचं विचारा, निवडणुकीचं विचारा. हा खरं बोलणारा नंदी. आबा सगळ्यांना पाणी देऊन परत पाठवायचे. “त्यानं बोलायचं सोडलंय,” म्हणायचे. त्यांनी गुबगुबी खुंटीला लावली आणि वीटभट्टीवर कामाला जाऊ लागले. पाखऱ्या चांगला म्हातारा होऊन मेला, आमच्याच दारात, सावलीला बसल्या बसल्या.

वैजू माझ्याशी दोन वर्षं बोलली नाही. मग तिच्या लग्नाची पत्रिका आली आणि आम्ही दोघी काहीच झालं नाही असं वागलो. हरलेल्या त्या सामन्यातून निवड समितीने एकाच मुलीला विद्यापीठाच्या संघात घेतलं. ती मी होते. त्यातून पुढे नोकरी लागली, शाळेत क्रीडाशिक्षिका. नंतर मी पंच झाले. माझ्या शिट्टीला आता बोठे सरांच्या शिट्टीसारखीच काळी दोरी आहे. पण तो दिवस माझ्या आत कधी खाली बसला नाही. कुठल्याही मैदानावर बैल दिसला, चित्रातलासुद्धा, की पाय जागेवर ठरायचे नाहीत.

आई गेल्यावर आबा माझ्याकडे राहायला आले. परवाची गोष्ट. आबा अंगणात बाजेवर बसून शेंगा फोडत होते. माझा फोन वाजला. आमच्या जुन्या कॉलेजचे नवे क्रीडाशिक्षक बोलत होते, आवाजावरून तरुण.

“मॅडम, तुमच्या काळी संघाला जिवंत नंदी होता म्हणे. ती परंपरा पुन्हा सुरू करावी असं चाललंय. पोरांना फार आवडेल. काही जण नको म्हणतात, जनावराला त्रास होतो म्हणतात. तुमचं मत महत्त्वाचं आहे.”

“विचारून सांगते,” मी म्हणाले आणि फोन ठेवला.

“काय म्हनत्यात?” आबांनी विचारलं.

“संघाला नंदी आणायचा म्हणतात. जिवंत. काय सांगू?”

आबांनी हातातली शेंग फोडली नाही, नुसती फिरवत राहिले. “नको म्हन. पाखऱ्याला न्हाई सोसलं. म्या ती बाई म्हनत हुती तवाच ऐकाया पायजे हुतं.”

“म्हणून त्या दिवशी नाही म्हणवलंत त्याला?” माझ्या तोंडून गेलं. इतक्या वर्षांनी पुन्हा तोच प्रश्न. मी उत्तराची वाट न बघता आत जायला वळले.

“त्याच्यासाठी न्हाई केलं.”

मी थांबले.

“त्याच्यासाठी केलं असतं तर सरांना सरळ सांगितलं असतं, नेतो घरी. तेवढं धाडस हुतं माझ्यात. पर मग तुला तिथंच उभं केलं असतं गानं म्हनायला, बैल नसला तरी. त्या दिशी मंडपामागं ऐकलं म्या, खेळनार न्हाई तू. मंग वाटलं, नंदीच न्हाई म्हनला तर गानंच उरत न्हाई.”

“आबा.”

“आन् म्या गेलो न्हवतो, द्वारके. पाखऱ्याला टेम्पोत चढवलं आन् टेम्पो मैदानाच्या भिंतीला बाहेरनं लावाया सांगितला. वरच्या फाळक्यावर उभा ऱ्हायलो. तिथनं सारं दिसत हुतं.” त्यांनी शेंग बाजेवर ठेवली. “साऱ्या हिवाळाभर माझ्या पाठीमागं टाळ्या वाजायच्या. म्या बैलाच्या तोंडाकडं बघत उभा. त्यातली कुठली माझ्या पोरीची, कळायचं न्हाई.”

“मग सांगितलं का नाहीत? मी किती विचारलं.”

“तुमी हारला की गं. ती शोभा रडत गेली माझ्या म्होरनं. म्या अंगठा दाबला म्हनून पोरी हारल्या, ते मनातनं जाईना. कुठल्या तोंडानं सांगू, तुझा खेळ बघाया मिळाला म्हनून?”

त्यांनी उजवा हात लांब केला, बोटं ताणली, आणि बाजेच्या काठापलीकडे हवेत नेली.

“शेवटाला तू अशी पडलीस. दोघी पायाला. आन् हात असा रेघेवर आला. साऱ्या मैदानात गप. हारल्यावर कोन वाजवतंय? म्या वाजवली टाळी, फाळक्यावर उभा ऱ्हाऊन. येकट्यानंच. तुला ऐकू न्हाई आली.”